सध्या घरी काय बघताय? आईबरोबर बसून बघता येईल असं सुचवा

पालशेतची_लेक
गणपती गेले, चाकरमानी परतले, मी मात्र यंदा, २०२५ ला, दसऱ्यापर्यंत गावीच थांबलेय. काम लॅपटॉपवर चालतं, रेंज माडीवरच्या खिडकीशी मिळते. बाबांना जाऊन दहा महिने झाले. घरात आम्ही दोघीच, आई आणि मी.

संध्याकाळी दिवा लावून झाला की आई टीव्हीसमोर बसते. मांडीवर सूप, सुपात भिजवलेले कडवे वाल. एका मालिकेत एक वाटी बिरडं सोलून होतं. 'लक्ष्मी निवास' आणि 'ठरलं तर मग' या तिच्या ठरलेल्या, मध्ये जे लागेल ते. मी मागच्या पडवीत फोन घेऊन बसते. परवा लक्षात आलं, मी थांबले तिच्यासाठी आणि रोजचे हे तीन तास आम्ही घराच्या दोन टोकांना काढतोय.

म्हणून दोन दिवस शेजारी बसून पाहिलं. धीर धरवेना. बंगला, झुंबर, जिन्यात उभ्या चार बायका आणि एका वाक्यावर प्रत्येकीचा चेहरा तीनदा. आईला म्हटलं, दुसरं लावू? तर म्हणाली, "तुला नको तर तू आत जा गो, मला हवंय."

तर विचारायचं हे, की तुमच्याकडे सध्या काय चालू आहे आणि ते मनापासून आवडतंय का? आणि ७१ वर्षांची आई व ४३ वर्षांची मुलगी दोघींनाही धरून ठेवेल असं काही आहे का?

देवगडी_आंबोळी
'महाराष्ट्राची हास्यजत्रा'. विषय संपला.

कुडाळचो_झील
आंबोळी, विषय खय संपलो, आता तर सुरू झालो!

ताई, आमच्याकडे सध्या 'रात्रीस खेळ चाले' परत पहिल्यापासून चालू आहे. २०१६ च्या फेब्रुवारीत ती आली तेव्हा मी बारावीला होतो. शूटिंग आमच्या बाजूलाच, आकेरीच्या वाड्यात. परीक्षा तोंडावर आणि आम्ही सायकली घेऊन वाड्याच्या गडग्याशी उभे. आत काय चाललंय ते दिसायचं नाही, पण जनरेटरचा आवाज आला तरी पुरे व्हायचं. मग रात्री टीव्हीवर तोच वाडा, तीच विहीर, तोच आंब्याचा झाड. बाबा दर भागाला म्हणायचे, "ह्या बघ, हयसून मी रोज जातंय."

माझा मत एकदम सरळ आसा. त्या मालिकेत पहिल्यांदा टीव्हीवर आमच्यासारखी बोलणारी माणसं दिसली. पांडू "इसरलंय" म्हणायचा तेव्हा ते विनोदासाठी लिहिलेलं वाटायचं नाही, आमच्या वाडीत तसं बोलणारे दोघे होते. पांडूचं काम करणाऱ्या प्रल्हाद कुडतरकरांनीच संवाद लिहिलेत, म्हणून ती भाषा पुस्तकी होत नाही. त्याआधी टीव्हीवरचा मालवणी माणूस म्हणजे मुंबईतल्या कुठल्यातरी ऑफिसातला शिपाई किंवा स्वयंपाकी, दोन वाक्यं बोलून जाणारा.

दापोलीकर_मास्तर
झील, भाषेचं पटलं. पण त्या मालिकेने कोकणाला काय दिलं ते मी शाळेत बघितलंय. पुण्याहून बदलून आलेल्या आमच्या एका नव्या शिक्षिकेला पहिल्याच आठवड्यात तिच्या घरून फोन, "तिकडे संध्याकाळनंतर बाहेर पडू नकोस हो." का, तर टीव्हीवर बघितलं. मालिका सुरू झाली तेव्हा सिंधुदुर्गात नाराजी झाली होती ती उगीच नव्हती. ज्या जिल्ह्यांत मुलं दहावीला राज्यात वर असतात, तिथला माणूस टीव्हीवर आला की करणी, देवचार, राखणदार आणि जमिनीची भांडणं. एवढंच का आपण?

मी सध्या 'कौन बनेगा करोडपती' बघतो. १७ वा हंगाम ऑगस्टमध्ये सुरू झाला. शेजारची तीन मुलं येतात, उत्तर आधी वहीत लिहायचं आणि मग पर्याय बघायचे असा आमचा नियम.

कुडाळचो_झील
मास्तर, राखणदाराला नारळ देणारी माणसं आपल्याकडे आहेत की नाहीत? आहेत ना. मग ती दिसली तर वाईट काय? वाईट हे, की त्यांच्याशिवाय दुसरं काही दिसत नाही. त्या बाबतीत मी तुमच्याबरोबर आहे. २०१९ ला दुसरा भाग आला, अण्णा आणि शेवंताचा, तेव्हा भूत मागे पडलं आणि माणसं पुढे आली. त्यातली माई, अण्णांची बायको, बघा. नवरा असा, घर असं, आणि ती सगळं सोसून दुपारी जेवायला बसते तेव्हा ताटातला भात कालवत राहते, जेवत नाही. माझी आजी ते बघून उठून जायची. तिला त्यात काय दिसायचं ते आम्ही कधी विचारलं नाही.

दापोलीकर_मास्तर
आजीचं वाचून गप्प झालो. दुसरा भाग मी पाहिलेला नाही. बघेन.

मसुरे_मसाला
'गाव गाता गजाली' कोणीच कसं आठवलं नाही? २०१७ ची. भूत नाही, खून नाही, पारावर बसलेली माणसं आणि गजाली. आमच्या घरी तो अर्धा तास फोनसुद्धा उचलायचे नाहीत.

देवगडी_आंबोळी
मसुरे +१००. आणि गेल्या वर्षीचं 'बिग बॉस मराठी' विसरू नका. मला तो कार्यक्रम एरवी सहन होत नाही, भांडणं ऐकून डोकं दुखतं. पण पाचव्या पर्वात मालवणची अंकिता वालावलकर गेली आणि माझ्या काकीने, जिला फोनवर फक्त हिरवं बटण कळतं, तिने मत कसं द्यायचं ते शिकून घेतलं. अंतिम फेरीपर्यंत रोज एक मत. सूरज चव्हाण जिंकला तेव्हा काकी म्हणाली, "तोय गरीबाघरचो, जिंकांदे."

माडाची_सावली
पालशेतच्या ताई, तुमच्या आईच्या बाजूने कोणी बोललंच नाही म्हणून लिहिते. जरा लांबेल.

माझ्या सासूबाईंना २०२० मध्ये अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जवळजवळ गेलं. आमचं घर वाडीच्या टोकाला, पावसात कोण येणार आणि कोणाकडे जाणार? मिस्टर दिवसभर बागेत. मी आणि त्या. तेव्हा 'आई कुठे काय करते' चालू होती. ती मालिका आमचं घड्याळ झाली. ती लागायच्या आधी त्यांना पुसून, कपडे बदलून, उशी लावून बसवायचं. जाहिरात लागली की गोळी. अनिरुद्ध अरुंधतीला काही लागेल असं बोलला की सासूबाईंचा डावा हात उठायचा. शब्द फुटायचे नाहीत, पण तो हात मला पूर्ण कळायचा. लग्न होऊन १९ वर्षं झाली होती आमची, म्हणजे माझी आणि त्यांची, आणि त्या १९ वर्षांत त्या माझ्या बाजूने कधी बोलल्या नव्हत्या. त्या खोलीत टीव्हीसमोर त्या एका बाईच्या बाजूने हात उचलायच्या आणि मग माझ्याकडे बघायच्या.

सासूबाई २०२३ च्या पावसात गेल्या. मालिका पुढे चालू राहिली, नोव्हेंबर २०२४ पर्यंत. शेवटी शेवटी ती फार भरकटली, हे मला कळत नव्हतं असं नाही. तरी एकही भाग चुकवला नाही. त्यांनी अर्धवट सोडलेलं मी पुरं करत होते.

म्हणून सांगते, आई काय बघते याची गुणवत्ता तपासू नका. तिच्या घरात रोज ठरलेल्या वेळी चार माणसं येतात आणि बोलतात. बाबा नाहीत आता. त्या वेळेला ते काय करायचे, ते आठवून बघा.

पालशेतची_लेक
माडाची_सावली, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. बाबा त्या वेळेला आईशेजारी बसून बातम्या लावा म्हणून भांडायचे. रोज. ती कधीच लावायची नाही आणि ते कधीच उठून जायचे नाहीत. हे मी इथे बसून लिहीपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मिरकरवाडा_तांडेल
आमी बोटीवर बघतो. १ ऑगस्टला बंदी उठली, तेव्हापासून खेपा चालू. तीन-चार दिवस बाहेर, किनारा सुटला की नेट गेलं. म्हणून बंदरात बर्फ भरताना पोरं फोनवर हास्यजत्रेचे तुकडे उतरवून घेतात. जाळी टाकून झाली की सगळे केबिनपाशी. फोन एक, डोकी सात. ओंकार भोजने आणि प्रभाकर मोरे दोघंही आमच्या रत्नागिरीकडचे, त्यांचं बोलणं खलाशांना समजावून सांगावं लागत नाही. दोन खलाशी नेपाळचे, त्यांना मराठी अर्धीच येते, पण समीर चौघुलेंचा चेहरा बघून तेही हसतात.

बंदीच्या दोन महिन्यांत मात्र जाळी विणत घरी बसतो तेव्हा बायको लावेल ते. आता खेपेहून घरी आलो की तिचं 'वीण दोघातली ही तुटेना' मीसुद्धा विचारतो, आज काय झालं म्हणून.

निळी_खाडी
तांडेल दादा, त्या मालिकेबद्दल मीही लिहिणारच होते. सुबोध भावे आणि तेजश्री प्रधान. धाकट्या भावंडांचं एकमेकांवर प्रेम आणि मोठी दोघं आपापल्या घराचं ओझं उचलून लग्नाचं वय ओलांडलेली. ऑगस्टमध्येच सुरू झालीय, अजून ताजी आहे. मी ३९ ची, लग्न नाही, घरात भाऊ-वहिनी. स्वानंदीच्या, म्हणजे तेजश्रीच्या, घरात तिला जे प्रेमाने बोलतात ना, ते माझ्या घरात मला बोलतात, अगदी त्याच सुरात. पहिले काही भाग बघून मी रडले. पुढे बिघडू नये एवढीच इच्छा.

वेशीवरचा_पिंपळ
मला एक कळत नाही, एवढं रडून, चिडून लोक बघतात कशाला? टीव्ही बंद करा, पुस्तक वाचा. आमच्याकडे दोन वर्षं टीव्ही नाही.

माडाची_सावली
पिंपळ, तुमच्याकडे माणसं आहेत ना बोलायला? मग जमेल.

कणकवलीचा_लाईटवाला
या धाग्यावर बोलायचा थोडा हक्क आहे माझा. नऊ वर्षं मालिकांच्या सेटवर दिवे लावलेत, ठाण्याला घोडबंदर रोडला आणि मढला. ताई, तुम्हाला सगळे बंगले सारखे का वाटतात ते सांगतो.

अर्ध्या तासाच्या मालिकेत जाहिराती वजा जाता साधारण २२ मिनिटं भरायची असतात, रोजच्या रोज. पाच दिवसांच्या मालिका सहा दिवसांच्या झाल्या, सहाच्या सात. हातात तयार भाग मोजके. पाऊस, प्रकाश, रस्त्यावरची माणसं यांची वाट बघायला वेळच नसतो, म्हणून कथा आत येते. एकदा आत आली की दिवाणखाना, जिना, स्वयंपाकघर, देवघर. दिवे तेच, जागा त्याच. कलाकार थकलेले असतात, संवाद सकाळी हातात पडतात, तरी काम करतात. चेहरा तीनदा दाखवतात त्यावर आम्हीही बोलायचो, पण त्या तीन चेहऱ्यांत अर्धं मिनिट भरून निघतं.

दुसरं कारण गोष्टींचं. 'ठरलं तर मग' मूळ तमिळ 'रोजा'वरून, 'आई कुठे काय करते' बंगाली 'श्रीमोयी'वरून, 'लक्ष्मी निवास' कन्नडवरून. गोष्ट एका भाषेतून दुसऱ्या भाषेत सहज जायची असेल तर तिला अंगण नको असतं, विहीर नको असते, पाऊस तर नकोच. आई, सून, जावई, वारसा हे कुठेही चालतं. त्यात चांगलं काम होत नाही असं मी म्हणणार नाही. पण म्हणून त्यात पालशेत दिसणार नाही.

'रात्रीस खेळ'सारखी मालिका गावात जाऊन करायची तर खर्च, मुक्काम, पाऊस, वीज, सगळं अंगावर घ्यावं लागतं. ते ज्यांनी घेतलं त्यांना माझा नमस्कार, मग त्यात भूत असो की नसो.

दापोलीकर_मास्तर
लाईटवाले, फार मोलाचं लिहिलंत. माझ्या भुताच्या तक्रारीपेक्षा ही अंगणाची तक्रार खरी आहे.

२०२० मधलं एक सांगतो. मार्चमध्ये शूटिंगं बंद पडली, दूरदर्शनवर 'रामायण' परत लागलं आणि आमची अख्खी वाडी पुन्हा १९८७ मध्ये गेली. मग ३ जूनला निसर्ग वादळ आलं. घरांची कौलं गेली, आंबे-नारळ-पोफळी आडव्या झाल्या, विजेचे खांब रस्त्यात. आमच्याकडे महिन्याहून जास्त दिवस वीज नव्हती. संध्याकाळी सगळे आमच्या खळ्यात जमायचे. एका म्हाताऱ्याने नमनातली सोंगं तोंडपाठ करून दाखवली, संकासुरासकट, मुखवटा नाही, काही नाही. मुलं इतकी हसली की त्यांच्या आया घरातून धावत आल्या. जुलैत मालिकांचे नवे भाग सुरू झाले आणि आमच्याकडे वीजही तेव्हाच आली. पहिल्या संध्याकाळी खळं रिकामं. मला वाईट वाटलं, पण राग नाही आला. लोकांना महिनाभरानंतर भिंती उभ्या असलेलं घर बघायचं होतं.

रोहा_एक्सप्रेस
'पंचायत' सुचवतो. चार हंगाम झाले, शेवटचा यंदा जूनमध्ये. उत्तर प्रदेशातलं फुलेरा गाव दाखवलंय, चित्रीकरण मध्य प्रदेशात सिहोरजवळच्या महोडियात. रघुबीर यादव आणि नीना गुप्ता नवरा-बायको. आईंना हिंदी कळत असेल तर हमखास. आमच्या ग्रामपंचायतीत असाच सोलरच्या दिव्यावरून वाद झाला होता, त्यामुळे मी बघताना सारखा थांबवून बायकोला सांगत होतो.

देवगडी_आंबोळी
आणि अशोक सराफांची 'अशोक मा.मा.'! पद्मश्री मिळालेला माणूस या वयात रोज मालिका करतोय. माझ्या वडिलांसाठी तेवढं पुरेसं आहे.

आचऱ्याची_नात
पालशेतताई, मी वेगळंच सुचवणार आहे. ऐकून घ्या.

नेटफ्लिक्सवर एक कोरियन मालिका आहे, 'व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरिन्स'. यंदा मार्चमध्ये आली, एकूण १६ भाग. कोरियाच्या दक्षिणेला जेजू नावाचं बेट आहे, तिथली गोष्ट. नायिकेची आई समुद्रात बुडी मारून शिंपले, कालवं काढणारी. तिथे या बायकांना हेन्यो म्हणतात. पाठीवर ऑक्सिजनची टाकी नाही, छातीत भरून घेतलेल्या श्वासावर खाली जायचं आणि वर आलं की शीळ घातल्यासारखा श्वास सोडायचा. हे खरंखुरं आहे, २०१६ मध्ये युनेस्कोने त्यांची परंपरा वारसा म्हणून नोंदवली. नायिका लहान असताना शाळेत कविता लिहिते, आई सारखी त्या शिंपल्यांच्या मागे असते अशी तक्रार करणारी. ती कविता आई वाचते तो प्रसंग बघताना माझी आजी चूल सोडून टीव्हीसमोर खाली बसली.

माझी आजी ७८ वर्षांची. सुकतीला आचऱ्याच्या खाडीत कमरेपर्यंत उतरून तिने कालवं काढलीयत, त्यावर माझ्या बाबांचं शिक्षण झालंय. तिला इंग्रजी अक्षरं वाचता येत नाहीत आणि कोरियन कोणाला येतं? म्हणून मी खालची वाक्यं वाचत गेले आणि मालवणीत सांगत गेले. पहिल्या भागात मला लाज वाटत होती, दुसऱ्यात आजीच मला दुरुस्त करायला लागली. "तसा नाय सांगूचा, तो असा म्हणालो असतलो," म्हणून. दशावतारात पदं संपली की नट आपल्या मनाने संवाद म्हणतात ना, तसं झालं आमचं.

आणखी एक. मालिकेचं मूळ नाव कोरियन प्रमाणभाषेत नाहीच, ते जेजूच्या बोलीत आहे. 'खूप कष्ट केलेत तुम्ही' असा त्याचा अर्थ. सोलच्या माणसालाही ते समजावून सांगावं लागतं. आमच्यासारखी बोली फक्त नोकरांच्या तोंडी, हे झील म्हणाला ना? तिथे ती बोली मालिकेच्या नावावर आहे.

कुडाळचो_झील
आजीक माझो नमस्कार सांग. आजच सुरू करतंय.

वेशीवरचा_पिंपळ
कोरियन? म्हणजे आता आपल्या आयांना ते पण बघायला लावायचं का?

निळी_खाडी
पिंपळकाका, लावायचं नाही, शेजारी बसून सांगायचं. वाचा ना नीट, ती नात काय म्हणाली ते.

आचऱ्याची_नात
ताई, एक गोष्ट आधीच सांगते, नंतर तुम्हाला वाटायला नको की सांगितलं नाही. मधल्या एका भागात समुद्रावर वादळ येतं, तो भाग आईजवळ बसून बघा. आणि शेवटाकडे नवऱ्याचं आजारपण आहे. तुमचे बाबा जाऊन वर्षही झालेलं नाही. आईला विचारून ठरवा.

माडाची_सावली
नात, तू हे आधी सांगितलंस ते फार बरं केलंस.

डिशवाला_भाऊ
धागा छान चाललाय, पण कोणी मुळाचा प्रश्न विचारत नाही. ताई, पावसात तुमचं चित्र जातं का? कारण आत्ता परतीचा पाऊस सुरू होईल, विजा कडकडतील, आणि तुम्ही आईबरोबर बसाल तेव्हाच पडदा निळा.

छत्रीवर येणारा सिग्नल ज्या लहरींवर येतो त्या जोराच्या सरीत पाणी शोषून घेतं. त्याला इलाज नाही, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. पण रिमझिमीतही जात असेल तर तीन गोष्टी बघा. छत्रीच्या पुढच्या डबीत जिथे वायर घुसते तिथे पाणी शिरलंय का. वायर पत्र्याच्या कडेने घासून सोललीय का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आपल्याकडून छत्री आग्नेयेकडे बघते, त्या बाजूच्या माडाची झावळी खाली आलीय का. गणपतीपूर्वी स्वच्छ दिसत होतं आणि आता दिसत नाही, या तक्रारीत निम्म्या वेळा झावळीच निघते. वर चढून स्वतः तोडू नका, पाडेलीला बोलवा.

मसुरे_मसाला
भाऊ, आमची पण झावळीच होती. कंपनीच्या माणसाला दोनदा पैसे दिले, मग शेजारच्या मुलाने खालून बोट दाखवलं.

पालशेतची_लेक
सगळ्यांना उत्तर द्यायला नऊ दिवस लागले. कारण आम्ही बघत होतो.

आधी 'ठरलं तर मग'बद्दल. १६ ऑगस्टला त्यातली पूर्णा आजी करणाऱ्या ज्योती चांदेकर गेल्या, तेव्हा मी मुंबईत होते. आईने फोनवर मला "पूर्णा आजी गेली गो" असं सांगितलं, आणि मी कामात होते म्हणून "कोण?" असं विचारलं. ती "कोणी नाही" म्हणाली आणि फोन ठेवला. हे मला आता आठवतं आणि पोटात तुटतं. आता मी तो अर्धा तास तिच्याशेजारी बसते आणि वाल सोलते. मला ती मालिका अजून आवडत नाही. आईला सांगितलंय तसं. ती म्हणते, बाबांनाही आवडत नव्हती.

त्यानंतर लॅपटॉपची वायर टीव्हीला लावते. सकाळी गुहागरच्या नाक्यावर जाऊन भाग उतरवून आणते, इथल्या नेटवर ते गोल गोल फिरत राहतं. आधी 'पंचायत'चे दोन भाग लावले. आईला आवडली, पण हिंदी भरभर बोलतात म्हणाली. मग जेजू.

पहिल्या दिवशी मी वाचायला लागले तर घसा सुकला. आई मधेच विचारायची, "ही कोण? ह्याची बहीण का?" कोरियन नावं तिच्या तोंडात बसेनात, म्हणून तिने नवी ठेवली. नायिका म्हणजे बाय, तिचा नवरा म्हणजे मुका. तो कमी बोलतो आणि काम करत राहतो म्हणून मुका. बाजारात कोबी विकतानाही तिला काही बोलू देत नाही, गिऱ्हाईक आपणच सांभाळतो, तेव्हा आई म्हणाली, "तुझे बाबा असेच काजू विकायला जायचे माझ्याबरोबर. मी मापाला, ते पैशाला." हे मला माहीत नव्हतं. त्या भागाचं पुढे काय झालं ते आम्हाला दुसऱ्या दिवशी परत बघावं लागलं, कारण त्या रात्री ती काजूचं, बागेचं, आजोबांच्या कर्जाचं सांगत बसली, साडेअकरापर्यंत.

वादळाचा भाग झाला. ती उठून बाहेर ओट्यावर जाऊन उभी राहिली, मी तिच्यामागे गेले. काही बोललो नाही. समुद्राचा आवाज येत होता.

मग मी तिला शेवटाचं सांगितलं, आचऱ्याच्या नातीने सांगितलं तसं. आई, पुढे तो आजारी पडतो, बघायचं का? ती म्हणाली, "जातो का मग तो?" म्हटलं, हो. "आणि परत येतो का?" नाही. "मग लाव. आपल्याकडच्यात गेलेला माणूस सहा महिन्यांनी दारात उभा राहतो. ते मला आता बघवत नाही."

आज शेवटचे दोन भाग आहेत. 'हास्यजत्रा' आणि 'रात्रीस खेळ'चा दुसरा भाग रांगेत आहेत, झील, तुझ्या माईसाठी.

कुडाळचो_झील
ताई, माईक बघताना आई काय बोलली ता हय नक्की लिव.

दापोलीकर_मास्तर
मीही दुसऱ्या भागाच्या १४ व्या एपिसोडपर्यंत आलो. झील, भात कालवण्याचं तू लिहिलं होतंस ते दिसलं.

डिशवाला_भाऊ
झावळी बघितलीत का?

पालशेतची_लेक
बघितली. तीच होती. पाडेली उद्या सकाळी येतोय, त्याची आई पण 'लक्ष्मी निवास' बघते म्हणाला.